अब्बांची पद्मिनी आणि कल्हईवाल्याचा मुलगा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पालीला नात्यात मय्यत झाली होती. सगळं उरकून अम्मीला घेऊन रत्नागिरीकडे निघालो तेव्हा मगरिबची वेळ टळून गेली होती. पाऊस कोसळत होता. हातखंब्याच्या अलीकडे गाडीचे दिवे पिवळे पडले. इंडिकेटर लावला की दिवे फडफडायचे, ब्रेक दाबला की मीटरचा दिवा मंद व्हायचा. समोरून आलेल्या ट्रकने हॉर्न मारला तेव्हा कळलं, आपला दिवा त्याला दिसतच नाहीये. गाडी कडेला घेतली, बंद केली आणि मग ती सुरूच झाली नाही. सेल्फ मारला की नुसता ‘टक’ असा आवाज. रात्री साडेनऊला एका टेम्पोवाल्या मुलाने दोर बांधून आम्हाला घरापर्यंत आणलं.

गाडी म्हणजे अब्बांची १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी. अब्बा आखातात नोकरीला होते. १९८६ साली सुटीवर आले तेव्हा त्यांनी ती जुनीच विकत घेतली. दोन बहिणींची लग्नं, माझं कॉलेज, अब्बांचं शेवटचं हॉस्पिटल, सगळं तिने पाहिलं. अब्बांना जाऊन आता सहा वर्षं झाली. धाकट्या भावाचं म्हणणं सरळ होतं, “भंगारात दे. पार्किंगची जागा तरी मोकळी होईल.” अम्मी काही बोलत नव्हती. त्या रात्रीनंतर मात्र ती म्हणाली, “नीट होत असेल तर ठेव. नाहीतर देऊन टाक. पण मला पुन्हा अंधारात बसवू नकोस.”

तिच्या या वाक्यापासून हा लेख सुरू होतो. गाडीचा बिघाड शोधायला गेलो आणि हाती एक इतिहास लागला. तो कुठल्या पुस्तकात नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो आहे.

तीन गॅरेज आणि एक नवी बॅटरी

पहिल्या गॅरेजने बॅटरी बदलली. चार दिवस गाडी बरी चालली, मग पुन्हा तेच. दुसऱ्याने रेग्युलेटर बदलला. तिसऱ्याने बॉनेट उघडलं, वायरींचा गुंता पाहिला आणि म्हणाला, “सगळं वायरिंग नवीन टाकावं लागेल. पण मिळणार कुठे?” त्याने सांगितलेला खर्च भंगारवाल्याने देऊ केलेल्या किमतीपेक्षा जास्त होता.

त्यांची चूक होती असं मी म्हणणार नाही. आजचा मेकॅनिक गाडीला स्कॅनर जोडतो, पडद्यावर बिघाडाचा कोड येतो, तो पार्ट बदलतो. पद्मिनीत कॉम्प्युटर नाही. तिथे विचारायचं तर तारेलाच विचारावं लागतं, आणि ते विचारण्याची एक पद्धत असते. ती पद्धत ठाऊक असलेला माणूस मला शेवटी एका जुन्या रिक्षावाल्याने सांगितला. “चाचांकडे जा. त्यांना आता नीट दिसत नाही, पण हाताला दिसतं.”

चाचांचं वय सत्तरच्या पुढे. शहरातल्या एका मोहल्ल्यात घराच्या पडवीतच त्यांचं दुकान. नाव छापू नकोस, असं त्यांनी बजावलं आहे, म्हणून चाचाच म्हणतो. गाडी ढकलत नेली. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी मला विचारलं, “बेटा, चोकची तार गरम होते का?”

मी चमकलो. होत होती. त्या रात्री चोकचा नॉब चटका बसण्याइतका तापला होता. पण दिव्यांच्या तक्रारीत चोकचा काय संबंध, म्हणून मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

“मग बिघाड जाण्यात नाही, परतण्यात आहे,” चाचा म्हणाले.

परतीची वाट

घरातल्या विजेला दोन तारा लागतात, एक नेणारी आणि एक आणणारी. गाडीत नेणारी तार असते, आणणारी बहुतेक ठिकाणी नसते. गाडीचा पत्राच परतीच्या तारेचं काम करतो. बॅटरीचं एक टोक बॉडीला जोडलेलं असतं. दिवा, हॉर्न, वायपर यांचं एक टोक स्विचमार्गे बॅटरीला आणि दुसरं जवळच्या पत्र्याला. गॅरेजमध्ये याला ‘अर्थ’ म्हणतात. जुन्या ब्रिटिश गाड्यांत, म्हणजे आपल्या सुरुवातीच्या अॅम्बेसेडरमध्येही, बॅटरीचं प्लस टोक बॉडीला असायचं. फियाटमध्ये मायनस असतं. जगभर पुढे मायनसचीच पद्धत रूढ झाली. चाचा म्हणाले, त्यांच्या उमेदवारीच्या काळात दोन्ही प्रकारच्या गाड्या गॅरेजमध्ये शेजारी शेजारी उभ्या असायच्या आणि बॅटरी उलटी जोडली की उस्तादाची थप्पड ठरलेली.

आता खरी गंमत. इंजिन बॉडीला थेट चिकटलेलं नसतं. हादरे बसू नयेत म्हणून ते रबरावर बसवलेलं असतं, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याची एक विणलेली पट्टी असते. सेल्फ शंभर अँपिअरपेक्षाही जास्त करंट ओढतो आणि तो सगळा या पट्टीतून परततो. ही पट्टी सडली, तर करंट दुसरी वाट शोधतो. इंजिनला जोडलेली लोखंडाची कुठलीही तार त्याला चालते. चोकची, अॅक्सिलरेटरची. ती बिचारी या कामासाठी बनलेली नसते. म्हणून तापते.

कोकणात हे जास्त होतं. समुद्र जवळ, हवेत मीठ, चार महिने ओल. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासे आणायला जाणाऱ्या गाड्यांचे पत्रे पाहिले की कळतं. तार वरून प्लास्टिकमध्ये सुरक्षित राहते. पण जिथे ती पत्र्याला बोल्टने आवळलेली असते, तिथे गंज चढतो. गंज म्हणजे विजेला अडथळा.

चाचांनी केलं ते असं. बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या ठोकळ्यापर्यंत एक जाड जंपर वायर लावली आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. महिनाभर ‘टक’ म्हणणारं इंजिन एका फटक्यात सुरू झालं. एवढ्यावर ते थांबले नाहीत. जंपर काढली. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनला धरली. “आता मार.” मीटरवर दोन व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला. “इथे जवळजवळ शून्य पाहिजे. दोन-तीन दशांश चालेल. बारातले दोन वाटेतच मेले, तर सेल्फ काय करणार?”

पट्टी खोलली तेव्हा तिचं एक टोक हिरवी पूड होऊन हातात आलं.

दिवा, मीटर आणि थोडं गणित

दिव्यांचा बिघाड वेगळा होता. चाचा म्हणाले, एक बिघाड सापडला म्हणून आनंदून जायचं नसतं, जुन्या गाडीत बिघाड जोडीने राहतात.

इंडिकेटर लावला की हेडलाइट फडफडतो, याचा अर्थ दोघांची परतीची वाट एकच आहे आणि ती अरुंद झाली आहे. पुढच्या दिव्यांची अर्थ एका स्क्रूखाली एकत्र आवळलेली होती. स्क्रूभोवती रंगाचा थर, थराखाली गंज. हे गणित मी घरी येऊन मांडलं. ४५ वॉटचे दोन दिवे म्हणजे ९० वॉट. १२ व्होल्टला भागलं की साडेसात अँपिअर. वाटेत फक्त ०.२ ओहमचा अडथळा असला, तरी दीड व्होल्ट तिथेच खर्च होतात. दिव्याला उरतात साडेदहा. ऐकायला फरक थोडा वाटतो, पण फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घटतो. साडेदहा व्होल्टला तो जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतो. हातखंब्याला त्या ट्रकवाल्याला आम्ही का दिसलो नाही, याचं उत्तर या ०.२ ओहममध्ये होतं.

तिसरा बिघाड, बॅटरी रात्रीत उतरण्याचा. चाचांनी सगळे स्विच बंद केले, चावी काढली, बॅटरीचं मायनस टोक सोडवलं आणि ते टोक व बॅटरी यांच्यामध्ये आपला टेस्ट लॅम्प धरला. लॅम्प मंद पेटला. म्हणजे सगळं बंद असूनही कुणीतरी करंट पीत होतं. मग एकेक फ्यूज काढत गेले. जुन्या फियाटचे फ्यूज छोट्या चिनी मातीच्या कांड्यांसारखे असतात, बाहेरून पट्टी दिसते. एक कांडी काढल्यावर लॅम्प विझला. त्या फ्यूजची तार धरून गेलो तर डॅशबोर्डच्या मागे, वीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी टेप बसवताना मारलेला जोड निघाला. तारा सोलून पीळ दिलेला आणि वर चिकटपट्टी. गोंद वितळून वाहून गेलेला, उघडी तार पत्र्याला ओझरती घासत होती.

यात एक नियम त्यांनी मला दोनदा सांगितला, तोही लिहून ठेवतो. बॅटरी काढताना आधी मायनस काढायचा, लावताना शेवटी मायनस लावायचा. कारण प्लस खोलताना पाना चुकून बॉडीला लागला आणि मायनस जोडलेला असला, तर पाना बॅटरीला तिथल्या तिथे वेल्ड होतो.

नवसागर आणि राळ

तो जोड कापून चाचांनी नवी तार घातली आणि डाख द्यायला बसले. त्यांचे हात थरथरतात, पण डाख देताना थरथरत नव्हते. मी म्हटलं, “चाचा, हे कुठे शिकलात?”

“बापाकडे. पण त्याने तारेला नाही लावला कधी. भांड्यांना लावायचा.”

त्यांचे वडील कल्हईवाले. घाटावरून, कोल्हापूरच्या बाजूने, सीझनला खाली यायचे. खांद्यावर भाता, पिशवीत कथील आणि नवसागर. गावात झाडाखाली खड्डा करून भट्टी लावायची, तांब्या-पितळेची भांडी तापवायची, नवसागर टाकून कापसाने पुसायचं आणि कथलाचा हात फिरवायचा. भांडं आतून चांदीसारखं व्हायचं. मुस्लिम घरातलं असो, मराठ्याचं असो की ब्राह्मणाचं, कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट शिजवता यायचं नाही. सोवळ्यातलं भांडंसुद्धा याच हातातून चकाकून जायचं. महाराष्ट्रात हे काम करणाऱ्यांत मुस्लिम कुटुंबं मोठ्या संख्येने होती.

मग स्टेनलेस स्टील आलं. त्याला कल्हई लागत नाही. भाता अडगळीत गेला आणि चौदा वर्षांचा मुलगा मुंबईला. कुर्ल्याच्या एका टॅक्सी गॅरेजमध्ये त्याला ठेवून घेतलं, कारण त्याला डाख देता येत होता. डाख म्हणजे कथील आणि शिसं. कल्हईतलं कथील तेच.

“पण एक चूक केली पहिल्याच दिवशी,” चाचा हसत म्हणाले. “बापाची सवय. तारेला नवसागर लावला. उस्तादाने बघितलं आणि सगळी तार तोडून टाकली. म्हणाला, भांडं तू धुतोस, म्हणून नवसागर चालतो. तार कोण धुणार? तो तांबं खात राहतो. तारेला राळच लावायची.”

मी तिथे थोडा वेळ गप्प बसलो. आपण इतिहास म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर बादशहा येतात, सुलतान येतात, किल्ले येतात. मुस्लिमांच्या इतिहासाची चर्चा तर त्यापलीकडे जातच नाही. कुणी मंदिर पाडलं, कुणी मशीद बांधली, कुणी कुणावर स्वारी केली. पण भांड्याची कल्हई करणारा हात एका पिढीत मोटारीच्या तारेवर कसा आला, नवसागर सोडून राळ का उचलली, हा इतिहास कोण लिहिणार? त्याला तवारीख लिहिणारा दरबारी नव्हता. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुस्लिमांचा मोठा हिस्सा स्वयंरोजगारात असल्याची नोंद आहे. अहवालात तो आकडा आहे. त्या आकड्याच्या मागे काय ज्ञान आहे, हे आकड्यात दिसत नाही.

कुर्ल्याची फियाट

कुर्ल्याचा उल्लेख आला म्हणून थोडं मागे जायला हवं. पद्मिनी कुर्ल्याचीच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. सुरुवातीला अमेरिकन गाड्या जोडून विकल्या, नंतर इटलीच्या फियाटशी करार झाला. त्याआधी मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा गाड्या जोडण्याचा कारखाना होता, १९२८ पासूनचा. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण ठरवलं की नुसते सुटे भाग आणून गाड्या जोडणाऱ्यांना इथे जागा नाही, सुटे भाग इथेच बनवा. त्या धोरणात जनरल मोटर्स गेली आणि प्रीमियरसारख्या कंपन्या राहिल्या.

पन्नासच्या दशकातली गोलमटोल फियाट मुंबईकरांच्या तोंडी ‘डुक्कर फियाट’ झाली. १९६४ च्या सुमारास ‘अकराशे डी’ हे मॉडेल आलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिचं नाव ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झालं आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. नाव बदलत गेलं, गाडी बरीचशी तीच राहिली. तारांचा नकाशाही बराच काळ तोच. म्हणूनच मुंबईच्या एका मुलाला एक नकाशा पाठ झाला की आयुष्यभराची भाकरी पक्की होती.

परवाना राज्याच्या त्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची. त्यामुळे मिळालेली गाडी कुणी टाकत नसे. गाडी टिकवणं ही गरज होती. त्या गरजेतून ऑपेरा हाउसचा सुट्या भागांचा बाजार उभा राहिला, चोर बाजारात जुने डायनमो विकले गेले, कुर्ल्यात गॅरेजच्या रांगा लागल्या. मद्रासजवळ पाडीला १९६१ साली लुकास-टीव्हीएसची कंपनी निघाली आणि मोटारीचं विजेचं सामान देशात बनू लागलं. कारखान्यात गाडी तयार होत होती, पण ती तीस-चाळीस वर्षं रस्त्यावर ठेवण्याचं काम फुटपाथवर चाललं होतं.

या उद्योगाच्या इतिहासात मुस्लिम नाव शोधायला गेलं की एक ठळक सापडतं. १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी निघाली. महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद हे तिचे भागीदार. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. इकडे १९४८ साली कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. ‘एम अँड एम’ ही आद्याक्षरं तीच राहिली, एका ‘एम’चा अर्थ बदलला. हा किस्सा आपल्याकडे चवीने सांगितला जातो. पण मला वाटतं, पाटीवरचा एक मोहम्मद गेला तरी त्या जीपच्या बॉनेटखाली वाकलेले कितीतरी मोहम्मद इथेच राहिले. त्यांची नावं पाटीवर कधी नव्हतीच.

गाडीच्या नावाचीही एक गोष्ट आहे. चितोडच्या ज्या राणी पद्मिनीच्या नावावरून ही गाडी ओळखली जाते, तिची कथा १५४० साली एका सूफी कवीने, मलिक मुहम्मद जायसीने, अवधीत लिहिली. अलाउद्दीन खिलजीने चितोड घेतलं ते १३०३ साली. त्या मोहिमेत सोबत असलेल्या अमीर खुसरोच्या वृत्तांतात या राणीचं नाव नाही. मधली दोनशेपेक्षा जास्त वर्षं ओलांडून पद्मिनी लोकांच्या मनात रुजली ती जायसीच्या काव्यामुळे. २०१७-१८ साली याच कथेवरच्या चित्रपटावरून देशभर वादळ उठलं, तेव्हा मुस्लिमांकडे बोट दाखवणाऱ्या किती जणांना हे ठाऊक होतं? अब्बांना ठाऊक नव्हतं. ते तिला लाडाने ‘बेगम’ म्हणायचे.

जहाजापासून गॅरेजपर्यंत

रत्नागिरीच्या मुस्लिमांना यंत्र नवं नव्हतं. ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या डेकवर काम करणाऱ्यांत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुस्लिम मोठ्या संख्येने होते. सारंग, टंडेल, खलाशी हे शब्द आमच्या घराघरात आहेत. जहाजानंतर मुंबई, मुंबईनंतर आखात. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडलं. तोवर घाटातली एसटी आणि अशा एखाद-दुसऱ्या फियाट-जीपवर दळणवळण चालायचं. बाळंतपण असो की मय्यत, मोहल्ल्यात ज्याच्याकडे गाडी त्याच्या दाराशी माणूस यायचा. अब्बांच्या पद्मिनीत जन्मलेला एक मुलगा आज इंजिनिअर आहे.

चाचा मात्र उलट्या दिशेने आले, मुंबईहून रत्नागिरीला. १९९३ च्या जानेवारीत. का, ते मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. गॅरेज जळालं. उस्ताद त्याआधीच वारले होते. त्यांनी सोबत आणल्या दोन वस्तू, एक टेस्ट लॅम्प आणि एक वही.

“राग येतो का?” मी विचारलं.

“येत होता. मग इथे पहिली गाडी आली ती एका जोशी मास्तरांची. तिचाही अर्थच खराब होता.” एवढं बोलून त्यांनी विषय बदलला.

वही

ती वही त्यांनी मला दाखवली. जाड पुठ्ठ्याची, तेलाचे डाग पडलेली. आत फियाटचा, अॅम्बेसेडरचा आणि जीपचा तारांचा नकाशा, रंगीत पेन्सिलींनी काढलेला. चाचा उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकले. त्यामुळे सगळ्या नोंदी उर्दूत आहेत, आणि नकाशेही उजवीकडून डावीकडे धावतात. बॅटरी उजव्या टोकाला, मागचे दिवे डाव्या टोकाला. रेग्युलेटरवरच्या आकड्यांपुढे अर्थ लिहिलेले. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी, ५१ म्हणजे डायनमोची कमाई, ६७ म्हणजे डायनमोची लगाम. फील्डच्या तारेला ‘लगाम’ म्हणणारं पुस्तक मी पाहिलेलं नाही. पण एका शब्दात काम समजतं. डायनमो किती जोरात वीज बनवेल, हे त्याच तारेतून आवरलं जातं.

मी मराठी शाळेत शिकलो. उर्दू मला अडखळत वाचता येते. चाचांचा मुलगा आखातात एसीची कामं करतो, त्याला या वहीत रस नाही. दुकानात मदतीला येणारा मुलगा शेजारच्या वाडीतला, कुणब्याचा. हुशार आहे, टेस्ट लॅम्प धरायला शिकला आहे. पण वही त्याला वाचता येत नाही. चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, त्यांनाही ती आता वाचता येत नाही.

मी म्हटलं, “चाचा, मी ही मराठीत उतरवून देऊ का?”

ते जरा वेळ थांबले. मला वाटलं, नाही म्हणतील. उस्तादाने शागिर्दाला दिलेली चीज असते ती. मग म्हणाले, “दे. पण लगाम हा शब्द बदलू नकोस.”

तो बदलायची गरजच नव्हती. लगाम मराठीतही लगामच आहे. उस्ताद, कारागीर, दुकान, जमीन, कागद हे शब्दही असेच फारसी-अरबीतून येऊन मराठी झाले आहेत. मिस्त्री तर पोर्तुगीजांकडून आला. मराठी मुसलमानाने मराठीत का लिहावं, असा प्रश्न आम्हाला दोन्ही बाजूंनी विचारला जातो. काहींना वाटतं आमची भाषा मराठी नाही, काहींना वाटतं मराठीत लिहिलं की उर्दू हातची जाते. मला त्या वहीत त्याचं सोपं उत्तर मिळालं. ज्याला पुढे काम करायचं आहे, त्याला वाचता येईल अशा लिपीत ते असलं पाहिजे. मूळ वही चाचांच्या कपाटातच राहील.

आता गाडीचं काय?

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी तिला भरभरून निरोप दिला. तिच्या वायरमनला निरोप देणारी बातमी माझ्या पाहण्यात आली नाही.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांच्या पुढची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अब्बांच्या गाडीला तो मान २०२९ साली मिळेल. तोवर ती ना नवी, ना पुराणी. अशा मधल्या वयातल्या गाड्याच भंगारात जास्त जातात. माणसांच्या कौशल्याचंही तसंच असतं. फार जुनं झालं की वस्तुसंग्रहालय विचारतं, नवं असताना बाजार विचारतो. मधल्या काळात त्याला पडवीत बसून राहावं लागतं.

चाचांनी तीन दिवसांत काम संपवलं. नवी अर्थ पट्टी, पुढच्या दिव्यांना स्वतंत्र अर्थ, पत्रा घासून उजळ केलेला आणि आवळल्यावर वर ग्रीसचा हात. दिव्यांसाठी रिले बसवला, म्हणजे जुन्या स्विचवर भार येणार नाही. सगळा खर्च पहिल्या गॅरेजने लावलेल्या नव्या बॅटरीपेक्षा कमी आला. मी जास्त पैसे देऊ लागलो तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. “वही लिहून दे. तेवढं पुरे.”

परवा अम्मीला घेऊन पुन्हा पालीला गेलो, चाळीसाव्याला. येताना मुद्दाम उशीर केला नव्हता, पण झाला. हातखंब्याच्या अलीकडे ती पुढे वाकून रस्ता बघत होती. उजेड स्वच्छ पडत होता. मी चोकच्या नॉबला हात लावून पाहिला. थंड होता. भंगारवाल्याला फोन करून गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलं आहे. वहीची अकरा पानं उतरवून झाली आहेत, सत्तावीस बाकी आहेत.